नकाशातून गायब झालेला ओढा

महापालिकेतल्या त्या सुनावणीला मी एका जागी पाच मिनिटं बसलो नसेन. वाघोलीत आमच्या घरांच्या वरच्या अंगाला टॉवरची मोठी स्कीम येणार होती, आणि तिच्या नकाशात मधला ओढाच दाखवला नव्हता. तो बुजवला तर पावसाचं पाणी थेट आमच्या घरात! माझं नाव पुकारलं, तर लिहून आणलेली हरकत मी घाईघाईत दोन ओळी गाळूनच वाचली.

बिल्डरचे आर्किटेक्ट शांतपणे म्हणाले, "साहेब, तिथे ओढा नाहीच. पावसात थोडं पाणी साचतं, इतकंच."

तेवढ्यात आमचे शेजारी रहीमभाई टेलर उठले. "साहेब, मागच्या पावसाळ्यात माझी स्कूटर तिथेच बुडाली."

"साचलेल्या पाण्यातच ना?" आर्किटेक्ट हसले.

"साचलेलं असतं तर स्कूटर जागेवर सापडली असती. मला ती अर्धा किलोमीटर खाली, पुलाजवळ मिळाली."

सभागृह हसलं. मी मात्र सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे बघत होतो. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि आर्किटेक्टच्या हातात दिली.

"आज मंजुरी नाही. जा, आणि येताना ओढा घेऊन या."