झोपू दे पोरीला

त्या दिवशी धुकं असं पडलं होतं की आपलाच हात लांब केला तर दुसऱ्याचा वाटावा, गारठा तर विचारू नका, आणि अशा धुक्यात मी फाटकाशी उभा, दिसत काही नाही, फक्त शेजारचा बँडवाला ट्रम्पेट घोटतोय तेवढं कानावर येतंय, आणि त्या आवाजाच्या रोखानं आमची नात रस्त्यावरून चालत आली, कॉलेजातून, हिवाळ्याच्या सुट्टीला, पाठीवर तिच्याएवढी पिशवी... आता तुम्ही म्हणाल, मग यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे आजोबा, नात घरी आली, चांगलंच झालं की. थांबा. सांगतो. मी सुतार माणूस, घाई केली की माझा खिळा वाकतो.

तर नात आली. तिला आम्ही टिटवी म्हणतो. लहानपणी ही गप्प बसली की तिची आई कपाळाला हात लावून ताप बघायची, इतकी बडबडी. तर ही टिटवी दारात आली, बूट काढले, आणि म्हणाली काय, ‘आई, मला फक्त खूप झोपायचंय.’ एवढंच. एवढं एक वाक्य. आणि ते वाक्य आमच्या घरानं असं उचलून धरलं की तुम्हाला काय सांगू.

मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘आबा, पहिलंच सेमिस्टर होतं, फार घासून घेतात, झोपू दे पोरीला.’ आता सेमिस्टर म्हणजे काय ते मला कुठलं कळायला? शाळा-कॉलेज मी पाहिलं ते दारं बसवण्यापुरतं, दार बसलं की आपण बाहेर. सूनबाई म्हणाली, ‘डोळे बघितले का कसे आत गेलेत? झोपू दे पोरीला.’ मग मी काय वेगळं बोलणार? मी म्हटलं, झोपू दे पोरीला.

आणि लागलो कामाला! घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल पाजलं. खुर्च्यांच्या पायांना माझ्या जुन्या कोटाचे तुकडे चिकटवले, म्हणजे सरकवली तरी हूं नाही की चूं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक काढून ठेवला, टिकटिक नको म्हणून, तर मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर अर्धा तास उशिरा, आणि बोलणी खाऊन आला तरी दारातूनच खुणेनं विचारतोय, झोपलीय का? कुकरची शिट्टी नको म्हणून सूनबाई सगळं पातेल्यात शिजवायला लागली, जेवायला दुपार टळायची. मुलाची शिंक म्हणजे तर... ती शिंक आली की पूर्वी पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठायची. तो बिचारा नाक चिमटीत धरून फाटकापर्यंत पळायचा, तिथं शिंकायचा, आणि सभ्यपणे परत यायचा. मला खोकला आला की मी मागच्या शेडमध्ये जाऊन भुशाच्या पोत्यात तोंड घालून खोकायचो. बोलणं तर बंदच. सगळं हातवाऱ्यांवर. सूनबाईनं एकदा दोन्ही हात गोल फिरवून चाळणी मागितली, मला वाटलं मोटार म्हणतेय, मी बाहेर जाऊन बघून आलो कोण आलंय.

आणि शेजारचा. त्याच्याकडे मी स्वतः गेलो. बँडमध्ये वाजवतो, रोज सकाळ-संध्याकाळ एकच चाल घोटतो, आणि वर चढताना दर वेळी त्याच एका जागी घसरतो. वर्षानुवर्षं घसरतोय. म्हटलं, ‘दादा, आमची टिटवी आलीय, दमलीय फार, जरा...’ तो म्हणाला, ‘किती दिवस, आबा?’ म्हटलं, ‘सुट्टीभर.’ त्यानं ट्रम्पेटकडे असं बघितलं की जसं काही त्याला परगावी पाठवायचंय. पण माणूस चांगला. म्हणाला, ‘झोपू दे पोरीला,’ आणि पेटीत घालून कुलूप लावलं.

आता तुम्हाला वाटेल, पोरगी काय सुट्टीभर झोपलीच होती? नाही हो. पहिला दिवस झोपली. दुसऱ्या दिवशी बाहेर आली तर तिघंही तिच्या अंगावर, ‘उठलीस कशाला? आवाज झाला का? कोणी केला?’ ती म्हणाली, ‘पाणी प्यायला आले.’ सूनबाई म्हणाली, ‘आत आणून देते, तू पड.’ तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली, म्हणाली, ‘आबा, काय करताय?’ मी ओठावर बोट ठेवलं आणि तिला हाताला धरून खोलीत पोचवून आलो. प्रेमानं हो! पांघरूणसुद्धा घातलं. एवढंच काय, तिच्यासाठी मी कॅरमबोर्ड घासून आरशासारखा केला होता, आम्ही दोघं खेळायला बसलो की गल्लीला कळायचं, नुसती आरडाओरड, ती सोंगट्या लपवणार आणि वर मलाच लबाड म्हणणार... तो बोर्ड चादरीत गुंडाळून खाटेखाली सारला. म्हटलं, झोपू दे पोरीला, उठली की खेळू.

उठली की खेळू. सुट्टी संपली हो.

तिला बसवर सोडायला मीच गेलो. तशीच थंडी, तसंच धुकं. थांब्यावरच्या बाकावर दोघं बसलो, पिशवी मधे. आणि ही म्हणते, ‘आबा, एक विचारू? तुम्ही सगळे माझ्यावर रागावलात का?’

‘तुझ्यावर? कशाबद्दल गं?’

‘कोणी बोलतच नव्हतं माझ्याशी. मी आत पडून वाट बघायचे, कोणीतरी हाक मारेल. घरात कोणी आहे की नाही तेच कळायचं नाही.’

मग बोलायला लागली. खाली बघून, बोटाला पिशवीचा बंद गुंडाळत. म्हणाली, तिथं खोलीतली मैत्रीण पहिल्याच महिन्यात कॉलेज सोडून घरी गेली. मग खोलीत ही आणि पंखा. वर्गात एवढी पोरं, पण जो तो आपापल्या घोळक्यात, हिला कोणी विचारायचं नाही, मेसमध्ये ताट घेऊन ही कोपऱ्यात. रात्री झोप यायची नाही. मग डोळे मिटून घर आठवायची. आईची भांडी, बाबांची शिंक, माझा रंधा. ‘आणि शेजारचे काका, आबा. ते घसरायचे ना, मी मनात वाजवत वाजवत त्या जागेपर्यंत यायचे आणि तिथं मलाच हसू यायचं. म्हणायचे, एकदा सुट्टी लागू दे, त्या गोंगाटात जाऊन मनसोक्त झोपणार आहे.’

मी विचारलं, ‘मग लागली का गं झोप?’

ती म्हणाली, ‘नाही आबा.’

आता काय सांगायचं? सांगितलं. बिजागऱ्या सांगितल्या, कोटाचे तुकडे सांगितले, चाळणी सांगितली, बस आली तर दारापर्यंत जाता जाता भुशाचं पोतंही सांगितलं. ती बघतच राहिली, आणि मग हसली. अशी हसली की थांब्यावरचे लोक वळून बघायला लागले. सगळ्या सुट्टीत पहिल्यांदा हसली, आणि कुठं, तर बसच्या दारात. वरून कंडक्टर, ‘चला आजोबा, पोरीला चढू द्या, बाकीचं फोनवर बोला.’ मी म्हटलं, ‘उन्हाळ्यात येशील ना? कॅरम खेळू.’ ती हसता हसता डोळे पुसत म्हणाली, ‘बघू आबा. तिथंच काहीतरी काम मिळेल म्हणतात सुट्टीत.’

बघू. मला विचारा हो ‘बघू’ म्हणजे काय ते. कपाट तयार होणार नसलं की मी गिऱ्हाइकाला आयुष्यभर हेच सांगत आलोय.

बस गेली. धुक्यात बस लगेच जाते, मागचा दिवासुद्धा राहत नाही बघायला. परत आलो. दार ढकललं तर आवाज नाही. आत मुलगा बसलाय, सूनबाई बसलीय, आणि अजून खुणांनीच विचारतायत, गेली का? त्यांना काय सांगू आणि कुठून सुरू करू... मी अंगणात येऊन उभा राहिलो. तेवढ्यात कुंपणावरून शेजाऱ्यानं मान वर काढली, काखेत पेटी, आणि हळूच म्हणाला, ‘गेली ना आबा पोरगी? मग आता वाजवू का?’