म्हातारीचा चुकलेला उन्हाळा

(स्कॉटलंडचं एक डोंगरी खोरं. कुरणात गुडघाभर उंचीचं दगडी घर. एक मेची सकाळ. म्हातारा मेंढपाळ डूगल आणि त्याची मुलगी मार्सली.)

मार्सली : ...अहो, वाचते ना, ऐका तर. 'नदीतले हे तीन दगड म्हणजे म्हातारी, तिचा नवरा आणि त्यांची पोरगी. एक मेला, उन्हाळा सुरू होण्याच्या बेल्टेन सणाला, त्यांना ह्या घरातून उन्हात आणायचं आणि थंडीच्या तोंडावर आत ठेवून दार शेवाळाने बुजवायचं. हा रिवाज मॅकव्हीन घराण्याने शेकडो वर्षं, एकही वर्ष न चुकता पाळला.'

डूगल : शेवटचं परत वाच.

मार्सली : 'एकही वर्ष न चुकता.' छान आहे की. आपल्या घराण्याचं नाव पितळी पाटीवर कोरलंय. मंडळाच्या इशबेल बाई आत्ता माणसं घेऊन येतील, तुम्ही फक्त वरचं फडकं ओढायचं. निदान दाढी तरी करायचीत बाबा, फोटो काढणारेत.

डूगल : खोटं आहे ते.

मार्सली : काय खोटं?

डूगल : एक वर्ष राहून गेलं. सत्तावन्न साल. तो अख्खा उन्हाळा ही तिघं आत अंधारात होती.

मार्सली : काहीतरीच काय. आजी होती ना तेव्हा?

डूगल : होती. अंथरुणावर. डोळे गेले होते तिचे. त्या वर्षी पहिल्यांदा ती मला म्हणाली, एकटा जा आणि काढून ये.

मार्सली : मग गेला नाहीत?

डूगल : धरणाचं काम चालू होतं तेव्हा. मी तिथे लागलो होतो. बाविशीचा होतो. आदल्या वर्षी तिथल्या एका मजुराने मला बघितलं, दगड छातीशी धरून आणताना. तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने सिमेंटची पिशवी मांडीवर घेतली आणि तिला अंगाई म्हटली. 'डूगल दाई' नाव पडलं माझं. सगळे हसले.

मार्सली : असतात असले.

डूगल : मीही हसलो, मार्सली. मोठ्याने हसलो. वर म्हटलं, आमच्या म्हातारीचं डोकं फिरलंय, मी कुठे मानतो हे.

मार्सली : आजीबद्दल बोललात तसं?

डूगल : पर्थची एक मुलगी होती तिथे स्वयंपाकाला. तुझ्या आईच्या आधीची गोष्ट. ती ऐकत होती.

मार्सली : वा. म्हणजे तिच्यासाठी.

डूगल : तिने पुढे बसवाल्याशी लग्न केलं.

मार्सली : बरं झालं. पण आजीला काय सांगितलंत?

डूगल : सांगून भागणार नव्हतं. दर बेल्टेनला दगड काढून झाले की ती माझे हात जवळ घ्यायची आणि वास घ्यायची. शेवाळाचा. तो वास आला की तिचं वर्ष सुरू व्हायचं.

मार्सली : मग?

डूगल : घरामागच्या कुंपणाच्या भिंतीला शेवाळ होतं. ते खरवडलं आणि हाताला चोळलं.

मार्सली : बाबा...

डूगल : तिने वास घेतला. मग दोन्ही तळव्यांचे मुके घेतले. म्हणाली, आता मी निर्धास्त. आणि मग रोज संध्याकाळी विचारायची, ऊन आहे का रे दगडातल्या म्हातारीच्या अंगावर? मी सांगायचो, आहे. बाहेर पाऊस असला तरी सांगायचो. ऑगस्टात गेली.

मार्सली : आईला माहीत होतं?

डूगल : कोणालाच नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय.

मार्सली : आणि त्या वर्षी काही वाईट झालं का? मेंढ्या, गवत?

डूगल : काही नाही. गवत कमरेएवढं. निम्म्या मेंढ्यांना जुळी. तेच तर मला खात राहिलं. ह्या दगडातल्या म्हातारीने एखादा तडाखा दिला असता तर फिट्टंफाट झाली असती. आई सांगायची, हे डोंगर तिच्या ओच्यातून सांडलेले दगड आहेत. एवढी थोर बाई बर्फात कुडकुडत आली, आपल्या लोकांनी तिला घर बांधून दिलं, आणि मी तिला आत कोंडून ठेवली. तरी तिने माझ्या मेंढीला बोटसुद्धा लावलं नाही.

मार्सली : हे बघा, पन्नास वर्षं झाली. त्यानंतर एकदा तरी चुकलात? कमरेचं दुखणं घेऊनसुद्धा आलात. आता कोणाला कळणारे?

डूगल : तेच म्हणत होतो मी शेवाळ चोळताना. कोणाला कळणारे.

मार्सली : मी तुमच्या भल्यासाठी बोलतेय.

डूगल : ठाऊक आहे. ती गेल्या वर्षीची कॅनडाची बाई आठवते?

मार्सली : रडली ती? जिच्या खापरपणज्यांना जमीनदाराने इथून हाकललं?

डूगल : म्हणाली, आमची भाषा गेली, घरं गेली, पण एवढं एक कुठे तुटलं नाही, हे बघायला आले. माझे हात धरले तिने. आणि मी मान डोलावली.

मार्सली : तिला कशाला दुखवायचं?

डूगल : तिच्यासाठी नाही डोलावली गं. मला बरं वाटत होतं. वर्षानुवर्षं लोक माझं कौतुक करतात आणि मी ते घेतो. तुझ्या हातात हे काम देताना तरी खोटं नको.

मार्सली : त्या बघा, आल्याच बाई. हळू बोला.

इशबेल : नमस्कार डूगल, नमस्कार मार्सली. वा, तिघं बाहेर आली वाटतं. ऊनही चांगलं पडलंय. माणसं खाली गाड्या लावतायत. फडकं ओढल्यावर चार शब्द बोलायचे बरं का.

डूगल : बाई, ही पाटी आज लावू नका. एक वर्ष चुकलंय. सत्तावन्न साली ह्यांना बाहेर काढलं नव्हतं. मी काढलं नव्हतं.

इशबेल : अहो, पण... विद्यापीठाचे लोक आलेत. पितळ आहे हे, आता खोडणार कसं?

मार्सली : नवी करू. खर्चाचं मी बघते, बाई.

इशबेल : थांबा जरा, घाई नको. एखादं वर्ष राहतं हो माणसाचं, समजून घेतील लोक. आजारी होतात, असं सांगू का मी?

डूगल : नाही. चांगला धडधाकट होतो. ह्यांची लाज वाटत होती मला, असं सांगा.