विक्रीकरवाल्या साहेबामागं धावली ती मीच

हसू नका, पण विक्रीकराच्या नंबरासाठी मी भर बाजारातून धावली हाये. दुसऱ्याच्या दुकानातलं काम सोडून चामोर्शीत स्वतःची शिलाई मशीन टाकली, त्याच वर्षीची गोष्ट. आश्रमशाळेले कापडासकट गणवेश पाहिजे होते. हेडमास्तर म्हणाले, "बाई, बिलावर विक्रीकराचा नंबर लागते."

शेजारचे किराणावाले भाऊ चिडले. "काऊन स्वतःहून फसून राह्यली? एवढ्याशा धंद्याले नोंदणी लागत नाई. एकदा नाव गेलं का साहेब रोज दारात."

"येऊ द्या. मले लपून धंदा कराचा नाई," म्हटलं, आन् चंद्रपूरले जाऊन अर्ज देऊन आली.

पुढं एका बाजाराच्या दिवशी मी आत काजं करत होती. बाहेरून भाऊचा आवाज आला, "नाई साहेब, अशी बाई इथी कोणी नाई."

मी बाहेर आली, तर भाऊ खुशीत. "वाचवलं तुले! विक्रीकरवाला दुकान पाहाले आला होता."

मी गळ्यातल्या टेपासकट धावत सुटली. साहेबाचा एक पाय एसटीच्या पायरीवर होता.

"साहेब, थांबा! ते बाई मीच हावो! दुकान हाये माह्यं, चला, पाहा!"

साहेब परत आला. त्यानं मशीन पाहिली, जागा पाहिली, कागदावर सही केली. त्या सहीवर मले नंबर भेटला, अन् शाळेचं कामही. जाताना साहेब म्हणाला, "बाई, मले पाहून पळणारे लय पाहिले. मागं धावत येणाऱ्या तुम्हीच पहिल्या."