दोन दिवसांसाठी नेलेलं टेबल

...आणि वर मलाच म्हणतो, "दाजी, तुम्ही फार मनाला लावून घेता!" मनाला? अरे, मी गुडघ्याला लावून घेतलंय! बावीस वर्षं जमिनीवर ओणवा होऊन कापड कापतोय मी. हा डावा गुडघा बघा, वाजतो... ऐका... आला आवाज? मागच्या रांगेत पण गेला असेल. आणि मी मागितलं काय? माझं टेबल मागितलं!

तुम्हाला सांगतो, मी शिंपी. चौथीपर्यंत शिकलो, मग कात्री धरली. बोलायची सवय नाही. माप घ्यायचं, तारीख सांगायची, त्या तारखेला कपडा द्यायचा, विषय संपला. एक तारीख चुकवली नाही आजवर. आणि माझ्या नशिबाला मेहुणा कोण, तर पुढारी! बायकोचा धाकटा भाऊ. सगळे त्याला साहेब म्हणतात. कसला साहेब? तीन वेळा शहराला उभा राहिला, तीन वेळा जिल्ह्याला, आणि सहाच्या सहा वेळा पडला! दुसरा एखादा पडला की तोंड लपवतो. हा पडला की आभाराची सभा घेतो! आणि त्या सभेत काय म्हणतो? "ही पुढच्या विजयाची सुरुवात आहे!" लोक टाळ्या वाजवतात हो!

तर पहिल्या निवडणुकीला आला. दारातूनच, "दाजी, दोन दिवस टेबल द्या. मतदारयाद्या पसरायच्यात." दोन दिवस. मी म्हटलं, ने. आता टेबल म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर जेवणाचं येत असेल. ते नव्हे! कापायचं टेबल. सहा फूट लांब, साडेतीन रुंद, आणि उंची माझ्या कमरेएवढी, सुताराला शेजारी उभा करून माझ्या मापानं बनवून घेतलेलं. उभ्यानं कापायचं, पाठ ताठ. चौघांनी उचललं, दारातून तिरकं करून नेलं, आणि जाताना हा मला म्हणतो, "दाजी, तुमचं हे ऋण मी विसरणार नाही." ऋण नाही विसरला. टेबल विसरला!

एक्केचाळीस मतांनी पडला. मी गेलो. "दाजी, फेरमोजणी मागितलीय, याद्या अजून पसरलेल्याच आहेत." फेरमोजणी झाली, पंचेचाळीस मतांनी पडला. पुन्हा गेलो. "दाजी, आता जिल्ह्याची आलीच तोंडावर, कशाला उगाच नेआण?" जिल्ह्याला पडला, पक्ष बदलला, टेबलाला जांभळा रंग. पुढच्याला पडला, पक्ष बदलला, पिवळा रंग. माझं सागवान हो ते! चिकटवायची खळ सांडलेली, चहाच्या कपांचे गोल, एका कोपऱ्यात कुणीतरी 'विजय आपलाच' असं खिळ्यानं कोरलेलं... मी काय मागत होतो? टेबल!

आणि पाचव्या वेळेला तर कहरच. अपक्ष उभा राहिला. अपक्षाला चिन्ह द्यायची एक यादी असते म्हणे. याला काय चिन्ह मिळालं असेल? टेबल! झालं. माझंच टेबल हातगाडीवर चढवलं आणि काढली मिरवणूक. चौकाचौकात हार! मला आयुष्यात कुणी हार घातला नाही, लग्नातला सोडला तर, आणि तोही तिनं उडी मारून घातला. टेबलाच्या गळ्यात... गळा कुठला, पायात... अकरा हार! आणि मी इकडे फरशीवर ओणवा. एक गिऱ्हाईक आलं, त्याला वाटलं माझं काहीतरी हरवलंय, तोही गुडघ्यावर बसून शोधायला लागला! दहा मिनिटं शोधत होता. मग विचारतो, "काय शोधतोय आपण?" मी म्हटलं, टेबल.

तुम्ही म्हणाल, दुसरं का नाही घेतलं? हेच मी बायकोला म्हणालो. ती म्हणते, "अहो, घरचं एक असताना दुसरं कशाला? देणारच आहे तो!" आणि मीही हट्टी. माझं टेबल जिवंत असताना दुसरं आणू? काय म्हणून?

मग ह्या वर्षी डॉक्टरांनी गुडघे बघितले. शांतपणे म्हणाले, "उभ्यानं कापा, नाहीतर दुकान बंद करा. दोन महिने देतो." दुकान बंद! मग मी करू काय? घरी बसून बायकोशी बोलू? एवढ्या वर्षांनी? काय बोलणार आम्ही!

आणि नेमकं त्याच आठवड्यात साहेब पेढीवरच्या गादीसारखे फुगून दारात. नगराध्यक्षपदाला उभा राहतोय! मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, हे बघ. निवडून ये, नाहीतर पड. निकालाच्या दुसऱ्या दिवशी टेबल माझ्या दुकानात पाहिजे. म्हणाला, "ताईची शपथ!" ताई आतून ओरडली, "माझी कशाला घालतोस? स्वतःच्या डोक्यावर हात ठेव!" तर म्हणतो, "ताई, आत्ताच केस बसवलेत." बसवलेत! फोटो होता ना!

शेवटची सभा. मैदान भरलेलं. मला नेऊन मंचावर बसवलं, कुटुंबातले ज्येष्ठ म्हणून. माझ्यासमोर काय? माझं टेबल! पांढरी चादर टाकलेली, पण मी पाय ओळखतो. मी चादर जरा वर केली, खाली पोपटी रंग. नवा पक्ष. एवढ्यात कुणीतरी माईक माझ्या तोंडाशी धरला, "दाजी, दोन शब्द." मी कधी बोललो नाही सभेत. खोटं तर बोलता येतच नाही. मी उभा राहिलो, म्हटलं, "ह्याला मी लहानपणापासून ओळखतो. माणूस वाईट नाही. बावीस वर्षांपूर्वी ह्यानं माझं टेबल दोन दिवसांसाठी नेलं. ते हे. नमस्कार." आणि बसलो.

मेहुण्याचा चेहरा असा, जणू पँट शिवून झाल्यावर कळलंय की एक पाय आखूड आहे. आणि मग मागून एक आवाज आला, "माझी शिडी!" तो भिंती रंगवणारा. "शिडी पण नेलीय, दुसऱ्या निवडणुकीला!" मग न्हावी उठला, "माझा आरसा! भाषणाची तालीम करायला नेला होता!" मग शाळेच्या बाई, "आमची घंटा!" शेजारच्या काकू, "दोन गाद्या आणि एक उशी!" एकेक करत अर्धं मैदान उभं! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला कळलं की मी एकटा नाही. सगळं शहर फरशीवर ओणवं आहे!

मला वाटलं, संपला. सातव्यांदा पडला. बायको मंचाखालून माझ्याकडे असं बघत होती... त्या नजरेनं कापडाला इस्त्री झाली असती. पण आमचा निवृत्त पोस्टमन उभा राहिला. हिशेबी माणूस. म्हणाला, "थांबा. हा पडला तर काय होईल?" लोक म्हणाले, "पुन्हा उभा राहील." "उभा राहिला की?" "पुन्हा मागायला येईल." "आणि निवडून आला तर?" मग स्वतःच बोटं मोजत म्हणाला, "निवडून आला तर पाच वर्षं काही मागणार नाही. शिवाय रोज दहा ते पाच एका खुर्चीत सापडेल!"

अहो, लाट! लाट म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं! घरोघरी जाऊन लोक स्वतःच प्रचार करायला लागले, "आरशासाठी मत द्या!" "घंटेसाठी मत द्या!" मी पण दिलं. पहिल्यांदाच. आधी सहा वेळा दिलं नव्हतं... हळू, बायको दुसऱ्या रांगेत बसलीय. आणि आला की निवडून! असा आला की समोरच्याचं डिपॉझिट गेलं! आणि हा गुलाल पुसत काय म्हणतो? "हा जनतेच्या माझ्यावरच्या विश्वासाचा विजय आहे!"

दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन मी नगरपालिकेच्या कार्यालयात हजर. माझ्या पुढे शिडीवाला, न्हावी, बाई, काकू... रांग जिन्यापर्यंत. टेबल कुठे? खालच्या मजल्यावर, नागरिकांनी अर्ज लिहायच्या जागेवर! पायावर पांढऱ्या रंगानं कार्यालयाचा नंबर टाकलेला! वर गेलो. खुर्चीतून उठला, मला नमस्कार केला, डोळ्यांत पाणी आणलं. "दाजी, काल मागितलं असतं तर आजच दिलं असतं. पण आता मी पदावर. नियम आड येतो. एक अर्ज करा." मी म्हटलं, मी काय मागतोय? माझं टेबल मागतोय! "तेच लिहा ना अर्जात."

खाली आलो. अर्ज लिहायचा तर कशावर? त्याच टेबलावर. उभा राहिलो, वाकावं लागलं नाही. उंची बरोबर कमरेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा गुडघा बोलला नाही हो...

आठ दिवस रोज जाऊन एक अर्ज लिहिला, मग उत्तर आलं. नामंजूर. कारण? "सदर टेबल नागरिकांच्या नियमित वापरात आहे." कोण वापरतो नियमित? मी! अर्ज लिहायला!

मग मी भांडलो नाही. बायकोला म्हटलं, डबा दे, मी कार्यालयात चाललो. आता रोज दहाला जातो. टेप, खडू, कात्री, कापड पिशवीत. वरती एक अर्जाचा कागद ठेवतो, नियमाप्रमाणे. परवा शिपायानं विचारलं, "काय आजोबा, अजून अर्जच?" म्हटलं, हो बाबा. ह्या वेळचा जरा लांबलाय... सव्वातीन मीटर.