खांद्यावरचा टॉवेल

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून शिंपीणकाकू मासिक चाळत बसल्या होत्या. पण समोरच्या बाकावरची बाई, आपल्या भावाला बॉक्सिंग शिकवणाऱ्या, खांद्यावर टॉवेल टाकून बसलेल्या उस्तादांवर अशी कडाडली, की काकूंचं पान उलटायचं राहूनच गेलं. भाऊ दोघांच्या मध्ये गप्प बसला होता.

“पोरी, जरा हळू बोल. असा दमाचा गडी मी जन्मात पाहिला नाही. शेवटच्या फेरीपर्यंत उभा! एकदाही पडला नाही.”

“पडला असता तर बरं झालं असतं. लढत तरी थांबली असती.”

“तो स्वतः थांबवा म्हणाला नाही.”

“तो काय म्हणणार? त्याला समोरचा धड दिसत तरी होता का? कोपऱ्यातून टॉवेल आत फेकला की लढत थांबते, हे तुम्हीच सांगितलं होतंत ना आम्हाला? मग त्या दिवशी हाताला काय लकवा मारला होता?”

“अगं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते! अजून त्याला ‘इंजिन’ म्हणतात.”

“म्हणू देत. त्या इंजिनाच्या शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावते.”

“मी काय वैरी आहे त्याचा? पोटच्या पोरासारखा वाढवला त्याला.”

“पोटच्या पोराला डोळ्यांदेखत असा मार खाऊ देतं का कुणी?”

उस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल सावरला.

“आज तरी तो टॉवेल द्या इकडे.”

“कशाला?”

“लाळ गळतेय त्याची. पुसायचीय.”