दहापैकी दोन

नर्स : पुन्हा दोनच? दादा, मगाशी कूस वळवताना गादीची कड आवळून धरली होतीत तुम्ही. दहापैकी दोन दुखणाऱ्याला असा घाम नाही फुटत.

बारक्या : दोनच लिहा, सिस्टर. दुखणं माझं, आकडाही माझाच.

नर्स : मॅडम, तुम्ही तरी समजवा. बहीण आहात, त्यात मानसशास्त्रातल्या. दोन लिहिलं तर डॉक्टर औषध वाढवणार कसं?

ताई : तुम्ही व्हा पुढे. मी बोलते त्याच्याशी.

(नर्स जाते.)

ताई : बारक्या, खरं सांग. किती दुखतंय?

बारक्या : तुझ्यासाठी दीड. बहिणीला सवलत.

ताई : थट्टा पुरे. ओठ चावून रक्त काढलंयस.

बारक्या : तूच शिकवलंस ना? मनाचा शरीरावर काय परिणाम होतो, जन्मभर तेच तपासलंस. ऑपरेशनआधी जो जास्त घाबरतो, त्याची जखम उशिरा भरते. तुझ्या भाषणाला पहिल्या रांगेत बसायचो मी.

ताई : मग?

बारक्या : मग काय! आजार कळल्यापासून एकदाही 'आई गं' म्हटलं नाही. तोंडाने आठ म्हटलं की मन आठ ऐकणार, आणि शरीर मनाचं ऐकणार. इतके महिने मनाचं पथ्य पाळलं, तरी गाठ पसरलीच. कुठे चुकलो तेवढं सांग.

ताई : तू नाही चुकलास.

बारक्या : चुकलोच गं. वरवर हसत होतो, आत पाचावर धारण बसलेली. तेच नडलं. घरच्याच माणसाने तुझं नाक कापलं बघ.

ताई : गप्प बस आणि ऐक. मन शांत असलं तर ऑपरेशनची जखम, टाके घातलेली, ती थोडी लवकर भरते. थोडीच. सगळ्या कामात एवढंच हाती लागलं माझ्या. गाठ कुणाच्या हसण्याने विरघळत नाही, आणि तुझ्या भीतीने ती वाढलेली नाही. प्रत्येक भाषणात सांगायचे मी हे, त्या जखमेच्या वाक्यानंतर लगेच.

बारक्या : ते ऐकूच यायचं नाही. लोक टाळ्या वाजवायला लागायचे.

ताई : तूही?

बारक्या : सगळ्यात जोरात मीच. माझी बहीण ना तू!

ताई : अरे देवा.

बारक्या : म्हणजे हे सगळं सोसलं ते... उगाच?

ताई : उगाच. आणि मी फोनवर रोज म्हणत होते, किती धीराचा आहे माझा भाऊ! बारक्या, तू यातून उठणार नाहीस. दुखणं मात्र कमी करता येईल, खरं बोललास तर.

बारक्या : डॉक्टर हे बोलला नाही मला.

ताई : तो बोलायला आला की तू विनोद सांगतोस.

बारक्या : मग आता घाबरलं तर चालेल?

ताई : चालेल. त्याने काही बिघडत नाही.

बारक्या : आणि रडलो तर?

ताई : रड ना रे.

बारक्या : दार लोटून घे आधी. बाहेर आई बसलीय. तिला सांगितलंय मी, ताईच्या पद्धतीने बरा होतोय म्हणून.