गौसियाआपाची कोंबडी आमच्या घटी बसली

म्हणजे घटात जाऊन बसली ती कोंबडी आणि गावभर बोलणी खायची मी... हा कुठला न्याय म्हणायचा? हळदीकुंकू घ्या, तिळगूळ घ्या, पण आज उठायच्या आधी माझं पुरतं ऐकून जा, कारण तुमच्यातल्या निम्म्याजणींनी हे निम्मंच ऐकलंय, आणि त्या निम्म्यातसुद्धा मी नवरात्रात कोंबडी पूजली इथपर्यंत गेलेलं हाय. पूजली न्हाई बायांनो. घटाला हळदकुंकू वाहताना चिमूटभर तिच्या अंगावर उडालं असंल, ते उडालं. आता सांगा, म्या काय करायचं होतं?

आधी हे ध्यानात घ्या, कोंबडी आमची न्हवंच. आमच्या घरात श्रावणात अंड्याचं नाव काढत न्हाईत, मी तर बारा महिने काढत न्हाई. कोंबडी शेजारच्या गौसियाआपाची. आमच्या दोन परसांच्या मधी कमरेएवढी भिंत, तिच्यावरून तीस वर्षं विरजण जातंय आणि शीरखुर्मा येतोय, तिथनंच ही कोंबडी आली. बॅन्टम म्हणतात त्या जातीला. बुटकी. दोन ओंजळीत मावंल एवढी, पायाला पिसांचे मोजे, आणि चालणं असं की तहसीलदारीणबाई बाजाराला निघाल्यात. आपाच्या अम्मीनं उदगीरवरनं ही जोडी दिलेली, अम्मी गेली तरी आपा कोंबड्यांना 'अम्मीची नस्ल' म्हणूनच हाक मारती. तर भादव्यात कुत्र्यानं कोंबडा नेला. राहिली एक कोंबडी आणि तिच्याखालची पाच अंडी, शेवटची. त्यातनं एक तरी नर निघाला तर पुढं वंश, न्हाईतर अम्मीची नस्ल इथं भोकर गावात संपली. मशीनमधी उबवा म्हणावं तर आपा ऐकत न्हाई. म्हणती, "मशीन ऊब देती गे, पंख देती का?"

आणि नेमकी त्याच टायमाला शबानाची तारीख आली. शबाना म्हणजे आपाची लेक, किनवटला दिलेली, पहिलं बाळंतपण. आपानं पिशवी भरली, भिंतीपाशी आली, माझे दोन्ही हात धरले. "कावेरी, परसात मुंगूस फिरून राहिलाय. टोपली तुझ्या घरात घे. पर एक ऐक, दिवसा हलवू नक्को. अंधार पडू दे, दिवा नक्को, बत्ती नक्को, मग टोपलीसकट उचल, तिला कळायचं न्हाई. खुडूक कोंबडीला उजेडात हलवलं की ती बिघडती."

हाव म्हणलं. आपा गाडीला गेली. त्या रात्री घटाच्या तयारीत माझ्याकडनं टोपली राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. सकाळचा मुहूर्त असा नामी की गुरुजी म्हणाले, ह्या मुहूर्तावर बसवलेलं काहीच उठत न्हाई. आता मला सांगा, एवढा चांगला मुहूर्त दारात उभा असताना अंधाराची वाट कामून बघायची? माझ्या मनात आलं, एकाच मुहूर्तावर देवीही बसू दे आणि कोंबडीही बसू दे, दोघींचं भलं होईल. पत्रावळीवर काळी माती घातली, गहू पेरला, मधी घट मांडला, अखंड दिवा लावला, नमस्कार केला आणि त्याच ओल्या हातानं जाऊन टोपली उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवली. भर उजेडात.

उठली ती.

उठली म्हणजे कशी, लग्नात मान न मिळालेली मावशी उठती तशी. पिसं फुगवली, टोपलीबाहेर आली, माझ्याकडं एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, आणि निघाली. मी टोपलीकडं हाकलती, ती चुलीकडं. मी चुलीकडनं हाकलती, ती माठाकडं. पाच अंडी तिकडं उघडी, आणि ही घर बघत फिरून राहिली, भाड्यानं घ्यायचंय जसं. फिरत फिरत देवघरात. तिथं गारवा, अंधुक उजेड, मऊ माती, शेजारी दिव्याची ऊब... घटाला एक चक्कर मारली, पायानं माती उकरली, माझा सकाळचा पेरलेला गहू चार दिशांना उडाला, आणि घट आणि दिवा ह्यांच्या मधल्या जागेत अंग पसरून बसली ती बसली.

ह्यांना हाक मारली. हे येऊन बघतात तर म्हणतात, "अगं, उचल की."

"तुम्ही उचला."

ह्यांनी हात पुढं केला. तिच्या पोटातनं असा आवाज आला, मोटारसायकल सुरू होईना की येतो ना, तसा. मग अंगठ्याला चोच. हे मागं सरले, म्हणाले, "राहू दे, तिची श्रद्धा असंल."

तुम्हाला माहीत हाय, घट एकदा बसला की नऊ दिवस हलवायचा न्हाई. कोंबडी ओढावी तर घट हलतोय. कोंबडी ठेवावी तर अंडी गार पडत्यात. मी टोपलीत हात घालून बघितला, मगाशी गरम होती ती आता कोमट. किनवटला फोन लावला, रडतच सगळं सांगितलं. आपा मग म्हणती, "मुहूर्तावर हलवलीस ना?" मग म्हणती, "ऐक. जिथं ती बसली, तिथं अंडे सरकव. तिनं जागा निवडली, आता तुझं-माझं चालत न्हाई."

"आपा, देवघर हाय ते. नवरात्र हाय."

"मग जागा चांगली हाय की."

"निदान धुऊन ठेवू का? गोमूत्र शिंपडू?"

"धू नक्को, काय शिंपडू नक्को, तशीच सरकव, कावेरी, ये मेरे अम्मी की आखरी..."

मी देवीकडं बघितलं. म्हणलं, आई, हे अंडं न्हवं, हे पोटातलं लेकरू हाय, आणि तू जगाची आई म्हणवतीस. आता सांगा, म्या काय करायचं होतं? एकेक अंडं पदरात घेतलं, तिच्या छातीपाशी ठेवलं. तिनं चोचीनं पहिलं आत ओढलं. मग दुसरं. पाचही आत घेतली, हलक्यानं अंग हलवलं, आणि मघाची ती गुरगुर थांबली की हो. तिथं बसल्या बसल्या माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते मला अजून ठरवता आलं न्हाई.

मग नवरात्र काय झालं म्हणता. उपास माझाही, उपास तिचाही, पण माझ्या उपासात भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस. ती दिवसातनं एकदा उठायची, चार कण्या, दोन घोट पाणी, परसात जाऊन एक... काय सांगू, एवढ्याशा जिवातनं एवढं मोठं आणि एवढं घाण... की पळत परत जागेवर. मी रोज वर माळ सोडायची, कारळ्याची पिवळी फुलं तिच्या डोक्यावर पडायची, ती हलायची न्हाई. मला मनातनं लाज वाटायला लागली. मी निरंकार उपासाचं नाव सांगत फिरते आणि ही कोंबडी न बोलता करून दाखवती.

आणि अष्टमीला आल्या महामायावन्सं.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, हदगावच्या. सोवळं असं की बसमधी शेजारच्या शिटवर पिशवी ठेवत्यात, कुणी बसू नये म्हणून. आरती अशी म्हणत्यात की भोकरच्या स्टँडवर गाडी लागली असंल तर ड्रायव्हरनं हात जोडावेत. मी सकाळपासनं झेंडूच्या माळा ओवत होते, घटाभोवती इतक्या सोडल्या की देवी दिसंना, कोंबडी कुठनं दिसणार? वन्सं म्हणाल्या, "लई फुलं केलीस गं यंदा." म्हणलं, श्रद्धा. ह्यांनी तिकडं तोंड फिरवलं.

आरती सुरू झाली. वन्संच्या हातात घंटा. पहिलं कडवं झालं, दुसऱ्याला झेंडूतनं गुर्र्र. वन्सं थांबल्या. "दिव्यात पाणी गेलं काय गं?" म्हणत खाली वाकल्या, माळ बाजूला केली, आणि समोरासमोर. ह्या तिच्याकडं बघून राहिल्या, ती ह्यांच्याकडं. मी डोळे मिटले. म्हणलं आता संपलं, कोंबडी बाहेर, अंडी बाहेर, मी माहेरी, आपाला तोंड कसं दाखवू...

आणि त्या गप्प वेळात अंड्याच्या आतनं आवाज आला. चिव.

कोंबडीनं हळूच उत्तर दिलं, कुक कुक.

मी एक डोळा उघडला. वन्सं तशाच वाकलेल्या. "कवा बसवली?" मी सांगितलं, आधीचे निम्म्याहून जास्त दिवस आपाकडं झाल्यात. "किती हायत?" पाच. "चोचीचं भोक पडलंय का बघितलंस का?" मी म्हणलं, वन्सं, तुम्हाला कसं... तर म्हणतात, "लगीन व्हायच्या आधी माझ्या डाव्या हाताखालनं किती पिल्लं गेली तुला काय ठाऊक." आणि ताठ उभ्या राहून घंटा माझ्या हातात दिली, दबक्या आवाजात म्हणाल्या, "वाजवू नको. बारके जीव भेतात."

त्या दिवशी आमच्याकडं आरती कुजबुजत झाली. टाळ्या दोन बोटांनी. हे तर नुसते ओठ हलवत होते, वन्सं ह्यांना डोळे वटारून म्हणाल्या, "सुदाम, ओठाचा आवाज येतोय."

नवमीला पिल्लं निघाली. एक, मग एक, वातीसारखी ओली, आणि घडीभरात वाळली की कापसाची बोंडं. चार निघाली. पाचव्या अंड्याला नुसतं भोक, आत धडपड, पुढं काही न्हाई. आणि कोंबडी उठायला लागली. चौघं चालती झाली की आई त्यांना घेऊन निघती, मागं राहिलं ते राहिलं. तिनं घटाच्या मातीवरनं पाय खाली टाकला. आपाचा फोन: "चार निघाले? त्यात नर कोनता, आता कुणाला कळतंय... पाचवा बघ गे कावेरी, पाचवा सोडू नक्को."

वन्सं म्हणाल्या, "नवस बोल."

आता नवस बोलायचा तर काहीतरी सोडायला पाहिजे. वांगं मी ह्यांच्या मुतखड्याला सोडलं. जिलेबी बोअरला पाणी लागावं म्हणून. पेरू सोडला दयानंदच्या नोकरीला, आमच्या थोरल्याच्या. भात सोमवारी न्हाई, मीठ शुक्रवारी न्हाई. माझं म्हणून सोडायला काही उरलंच न्हवतं. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि उंबऱ्यात हे बसलेले, बशीत चहा ओतून. आणि माझ्या तोंडातनं गेलं, "माहूरच्या आई, हा पाचवा जिवंत निघाला तर ह्या घरात हे चहा पिणार न्हाईत."

बशी ओठापाशी थांबली. "कावेरी, मला विचारलंस का?"

वन्सं म्हणाल्या, "सुदाम, बोललेला शब्द मागं येत नसतो. खाली ठेव ती बशी."

आणि त्यांनी पदर खोचला, कोंबडी अलगद धरली, परत जागेवर बसवली, चौघं तिच्या पंखाखाली सारली, पाचवं अंडं मधोमध, वरनं बांबूचं डालगं पालथं घातलं, खिडकीला चादर. अंधार केला. म्हणाल्या, "आता कुणी श्वास मोठा घेऊ नका." दिवेलागणीला डालग्याखालनं पाचवा आवाज आला, सगळ्यांत बारीक, सगळ्यांत हट्टी. मी आणि वन्सं गळ्यात गळा घालून रडलो. हे नंतर म्हणाले, मीबी मनात देवीला काहीतरी सांगत होतो. काय सांगत होते ते मी विचारलं न्हाई.

दसऱ्याला बघते तर घटातले उरलेसुरले कोंब पाचजणांनी मिळून उपटून खाल्लेले. टोपीत खोवायला गल्लीत कुणाला एक काडी मिळाली न्हाई, आणि त्याच लोकांनी तुम्हाला ते निम्मं सांगितलं. आता सांगा, पिल्लांना म्या काय करायचं होतं?

आपा किनवटवरनं आली, शबानाला मुलगी झाली होती. तिनं भिंतीवरनं बघितलं, पाच लोकरीचे गोळे आईच्या मागं माती उकरून राहिलेत. म्हणाली, "माझी एक नात तिकडं, पाच इकडं." कोंबडी भिंतीपलीकडं न्यायची तर मीच म्हणलं, आपा, अंधार पडू दे.

वाढली पिल्लं. पहिली चारही तलंगा निघाल्या, म्हणजे साऱ्या माद्याच. आणि तो पाचवा... लाल तुरा, मोजे घातलेले पाय, आपाची अम्मी असती तर तिनं दृष्ट काढली असती. रोज उजाडताना भिंतीवर चढतो आणि आमच्याकडं तोंड करून आरवतो, नेमका ह्यांच्या चहाच्या वेळेला. हे उठतात, कपात गरम पाणी घेतात, त्याच्यासमोर उभं राहून फुंकर मारत पितात. दोघं एकमेकांकडं बघत असतात. काल मला म्हणाले, "अगं, नवस चहाचा बोललीस ना? मग कॉफीला काही हरकत न्हाई की."

मी म्हणलं प्या, खुशाल प्या, चांगली सवय लावून घ्या. उन्हाळ्यात त्या चार तलंगा अंड्यावर येतील, एखादी खुडूक बसंल... पुढच्या नवसाला सोडायला घरात काहीतरी असायला नको का?